गप्प पोर म्हणजे शहाणं पोर? 'अन कालीन क्यून' हा आयरिश पिक्चर समजून घेताना

हा पिक्चर मी दुसऱ्यांदा बघितला तो आईबरोबर, आणि सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील तोवर आई म्हणाली, "किती गुणाची पोर आहे गं, कुणाला काही त्रास नाही तिचा." मी काही बोलले नाही. पण पिक्चर संपल्यावर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण आपण सगळेच हे म्हणतो, पाहुण्यांकडे गेल्यावर कोपऱ्यात बसून राहणारं, दुसऱ्यांदा लाडू न मागणारं, पडलं तरी न रडणारं मूल दिसलं की आपण त्याच्या आईचं कौतुक करतो.

पिक्चरचं नाव 'अन कालीन क्यून', 'कालीन' म्हणजे मुलगी, 'क्यून' म्हणजे शांत, गप्प. इंग्लिशमध्ये तो 'द क्वाएट गर्ल' नावाने चालला. 2022 चा, आयरिश भाषेतला, जेमतेम दीड तासाचा. 2023 च्या ऑस्करला नामांकन मिळालं म्हणून आपल्याकडेही बऱ्याच जणांनी बघितला आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी मला विचारलं असेल की "छान आहे गं, पण घडलं काय त्यात?" मारामारी नाही, कोर्ट नाही, भाषण नाही, शेवटी काय झालं तेही नीट कळत नाही. तर हा लेख त्या प्रश्नासाठी. शेवटासकट सगळं सांगणार आहे, त्यामुळे बघायचा असेल तर आधी बघून या.

गोष्ट काय आहे

1981 चा उन्हाळा, आयर्लंडमधलं खेडं. कॉइच नावाची नऊ वर्षांची मुलगी (नावाचा उच्चार मराठीत असाच काहीतरी लिहावा लागेल). घरात भावंडं भरपूर, आई परत गरोदर, बाप दारू आणि जुगारातला. कॉइच गादी ओली करते, शाळेत वाचताना अडखळते, घरातून निघून गवतात जाऊन पडून राहते. बाळंतपण होईपर्यंत एक खाणारं तोंड कमी म्हणून तिला आईच्या लांबच्या नातलगांकडे ठेवायचं ठरतं, किती दिवस ते तिला कुणी सांगत नाही. बाप गाडीने सोडतो आणि जाताना तिची बॅग गाडीतून उतरवायलाच विसरतो.

त्या घरात आयलीन आणि शॉन असं मध्यमवयीन जोडपं राहतं, गाईगुरं आहेत, दूध काढायचं काम असतं, आणि घरात मूल नाही. उन्हाळाभर ती तिथे राहते. शाळा सुरू व्हायची वेळ झाली की परत जाते. बस, एवढीच गोष्ट.

मूळ कथा क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची, 'फॉस्टर' नावाची, 2010 साली आलेली, आणि ती इंग्लिशमध्ये आहे. दिग्दर्शक कॉलम बॅरेड यांनी ती आयरिशमध्ये नेली. आधी त्या मुलीकडे बघू, भाषेचा विषय मग घेऊ.

कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, मग हेळसांड कसली?

हा पहिला आक्षेप, आणि खरा आहे. पिक्चरमध्ये कॉइचला कुणी बदडताना दिसत नाही.

इंग्लिशमध्ये 'निग्लेक्ट' म्हणतात त्याला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, हेळसांड. मुलाला जे मिळायला हवं, म्हणजे खाणंपिणं, स्वच्छता, औषधपाणी, लक्ष, कुणीतरी आपल्याशी बोलणं, ते सतत न मिळणं. जागतिक आरोग्य संघटना याला मुलांवरच्या अत्याचाराचाच एक प्रकार मानते. पण मारहाण आणि हेळसांड यात एक मोठा फरक आहे. मारलं तर वळ दिसतो, शेजारी आवाज ऐकतात, म्हणजे काहीतरी घडलेलं असतं ज्याच्याकडे बोट दाखवता येतं. हेळसांडीत काही घडलेलंच नसतं, जे घडायला हवं होतं ते न घडणं हीच तक्रार, आणि न घडलेल्या गोष्टीकडे बोट कसं दाखवणार? रिकाम्या डब्यात काय कमी आहे हे ज्याला भरलेला डबा माहीत आहे त्यालाच कळतं ना.

पिक्चरची सगळी रचना या अडचणीवर बेतलेली आहे. बॅरेड हेळसांड फार दाखवतच नाहीत, ते उलटी बाजू दाखवतात. आयलीन पहिल्याच दिवशी मुलीला गरम पाण्याने अंघोळ घालते, बोटांच्या मधली माती काढते. रोज केसांवरून ब्रश फिरवते, शंभरापर्यंत मोजत. विहिरीवर नेते, स्वयंपाकात हाताशी घेते, कांदा-बटाटा सोलायला देते. आणि हे बघता बघता आपल्याला मागची दहा मिनिटं आठवायला लागतात, अरे, त्या घरात हिच्या केसांना कुणी हातच लावला नव्हता. म्हणजे आधीच्या घरातली उणीव आपल्याला या घरात आल्यावर दिसते. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या अंघोळीच्या सीनला रडू आलं आणि का ते मला लगेच कळलं नाही, कारण सीनमध्ये वाईट काहीच नाही.

गादीचा प्रसंगही तसाच. पहिल्याच रात्री कॉइच गादी ओली करते. सकाळी ती नुसती उभी राहते, आता काय होणार याची वाट बघत. आयलीन गादीला दोष देते, जुनी गादी आहे, ओल धरते, माझंच चुकलं असं म्हणून दोघी मिळून गादी बाहेर काढतात. या वयात रात्री गादी ओली होण्याला शरीराची कारणंही असतात, दर वेळी मनातलंच काही असतं असं नाही, पण मूल ताणात असेल तर ते वाढू शकतं आणि ओरडून, लाज काढून ते कमी होत नाही हे डॉक्टर कधीपासून सांगतायत. आयलीनला हे पुस्तकातून कळलेलं नाही, तिने फक्त लाजेचं ओझं मुलीवरून काढून गादीवर टाकलं.

पण ते गरीब आहेत, त्यात त्यांचा काय दोष?

गरिबी आणि हेळसांड एक नाही, हे आधी म्हणते. लाखो गरीब आईबाप मुलांना डोळ्यात तेल घालून वाढवतात. पण पिक्चर बघून सगळ्यांचा राग त्या आईवर निघतो, तो मला पटत नाही.

1981 चं आयर्लंड म्हणजे काय ते बघा. घटस्फोटाला घटनेनेच बंदी होती, ती 1995 च्या सार्वमतानंतर उठली. गर्भनिरोधकं 1979 च्या कायद्याने पहिल्यांदा कायदेशीर झाली पण कशी, तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि 'खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठी' असेल तरच, चिठ्ठीची अट सैल झाली 1985 मध्ये. चर्चचा वचक वेगळाच. म्हणजे त्या बाईला मुलं किती हवीत हे ठरवायची सोय जवळपास नव्हती, नवरा सोडायची सोय नव्हती, आणि नवऱ्याने पैसे उडवले तरी घर तिनेच चालवायचं. तिच्याकडे बघणारंही कुणी नाहीये. पिक्चरमध्ये ती वाईट बाई वाटत नाही, संपून गेलेली वाटते. लेकरू दिसत असूनही तिला दिसत नाही, कारण तिच्यात बघण्याइतकं काही उरलेलं नाही.

यामुळे कॉइचचं नुकसान कमी होत नाही, हे मान्य. पण हेळसांड नेहमी कुणीतरी दुष्ट माणूस करतो असं धरून चाललो तर ती आपल्या आसपासची आपल्याला कधीच दिसणार नाही.

पोर गप्प का होतं?

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतो ना आपण, लहान मुलाचं बोलणं, हसणं अगदी तसं असतं. बाळ आवाज काढतं, मोठं माणूस वळून बघतं, हसतं, काहीतरी बोलतं, मग बाळ परत आवाज काढतं. ही देवाणघेवाण दिवसात शेकडो वेळा होते आणि त्यातून मेंदूची घडण होते.

दुसरा हात आलाच नाही तर काय होतं हे 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका साध्या प्रयोगातून दाखवलं. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग तिला सांगतात की आता एकदोन मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेव, बाळाकडे बघ पण काहीही प्रतिसाद देऊ नको. बाळाला लगेच कळतं. ते आधी हसून बघतं, हात पुढे करतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, म्हणजे त्याच्याकडे आईला परत आणायच्या जेवढ्या युक्त्या आहेत तेवढ्या सगळ्या वापरून बघतं. काही चालत नाही म्हटल्यावर रडतं किंवा तोंड फिरवतं, अंग चोरतं. या प्रयोगाचे व्हिडिओ बघणं मला तरी जड गेलं, आणि तिथे तर आई दोन मिनिटांत परत हसणार असते.

आता हेच दोन मिनिटं नाही, वर्षानुवर्षं असेल तर? मूल युक्त्या वापरणं बंद करतं. मागून मिळत नाही हे त्याला पाठ झालेलं असतं. असं मूल बाहेरून बघितलं तर कसं दिसतं? शांत, समजूतदार, कुणाला त्रास नाही. आई म्हणाली तसं, गुणाचं.

(सगळीच गप्प मुलं अशी नसतात, हे आवर्जून सांगते नाहीतर एखादी आई उगाच घाबरायची. काही मुलांचा स्वभावच कमी बोलायचा असतो. फरक बघायचा तर एवढा बघा की मूल दुखल्यावर, घाबरल्यावर कुणाकडे तरी जातं का. स्वभावाने गप्प मूलही अशा वेळी आईच्या पदराला येऊन चिकटतं. कॉइच पलंगाखाली जाते.)

बिस्किटाचा सीन

माझ्या मते अख्खा पिक्चर या एका सीनमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबते.

शॉन सुरुवातीला मुलीकडे बघतही नाही. आयलीन एवढी मायेने करतेय आणि हा माणूस गुड नाइट सुद्धा मान वर न करता म्हणतो, आपल्याला वाटतं हा पण बापासारखाच निघणार. एक दिवस मुलीला त्याच्याबरोबर गोठ्यावर जावं लागतं. तो फरशी धुण्यात गुंतलेला, ती इकडेतिकडे बघत बाहेर जाते, आणि मागे वळून बघतो तर मुलगी नाही. तो वेड्यासारखा शोधत सुटतो, आणि सापडल्यावर तिच्यावर ओरडतो, परत असं कधी गेलीस तर बघ. ती पळून जाते.

का ओरडला ते आपल्याला बऱ्याच नंतर कळतं. गावातली एक बाई मुलीला खोदून खोदून प्रश्न विचारता विचारता सांगून टाकते की या दोघांना मुलगा होता, तो कुत्र्यामागे गेला आणि शेणामुताच्या टाकीत बुडून मेला. (तिकडे जनावरं हिवाळ्यात गोठ्यातच असतात, त्यांचं शेणमूत पातळ स्वरूपात मोठ्या टाकीत साठवतात आणि खत म्हणून शेतात सोडतात.) मग सगळं उलगडतं, तिची झोपायची खोली, भिंतीवरचा आगगाड्यांचा कागद, तिला घालायला दिलेले मुलाचे कपडे.

पण त्या क्षणी मुलीला यातलं काही माहीत नाही. तिला फक्त ओरडा मिळालाय. नंतर ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेली असते, शॉन आत येतो, काही बोलत नाही, बाहेर जाता जाता टेबलावर तिच्यासमोर एक बिस्किट ठेवतो आणि निघून जातो. तिच्याकडे बघत पण नाही.

ट्रॉनिकच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे लागू पडते. त्याला असं दिसलं की चांगल्या, प्रेमळ आई आणि बाळाचा सूरसुद्धा सारखा जुळलेला नसतो, बराच वेळ तो चुकलेलाच असतो. आई थकलेली असते, बाळाला काय हवंय ते कळत नाही, चिडचिड होते. महत्त्वाचं असतं ते चुकल्यावर परत जुळवणं, ज्याला तो 'रिपेअर' म्हणतो, आपण सांधणं म्हणू. वारंवार सांधलं गेलं की मूल शिकतं की तुटलेलं परत जुळतं, माणूस रागावला म्हणजे माणूस गेला असं नसतं. कॉइचच्या घरी तुटलेलं तसंच पडून राहतं. बिस्किट म्हणजे शॉनने सांधलेलं. आणि त्या मुलीला हे लगेच कळतं, दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून त्याच्याबरोबर गोठ्यावर जायला लागते, झाडू घेऊन.

पुढे तो तिला रस्त्याच्या टोकाच्या टपालपेटीपर्यंत धावत जाऊन पत्रं आणायला सांगतो आणि किती वेळात आलीस ते मोजतो. तिच्यासाठी कुणीतरी घड्याळात बघतंय! ती धावते ते दृश्य मी कितीतरी वेळा मागे घेऊन बघितलंय.

एकदा रात्री समुद्रावर बसलेले असताना तो तिला सांगतो की बोललंच पाहिजे असं काही नसतं, गप्प राहायची संधी गमावून कित्येक जण पस्तावलेत. आता काही जणांचा गोंधळ इथेच होतो, की एकीकडे पिक्चर म्हणतो गप्प होणं वाईट, आणि दुसरीकडे गप्प राहायला सांगतो. मला यात विरोध दिसत नाही. आपल्या घरी ती गप्प होती कारण ऐकणारं कुणी नव्हतं. शॉनजवळ ती गप्प असते कारण बोलावं लागत नाही, तो शेजारी आहे हे पुरतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. एकाने अंग आखडतं आणि दुसऱ्याने सैल होतं, आणि कॅथरीन क्लिंच या मुलीने, जिचा हा पहिलाच पिक्चर, हा फरक नुसत्या खांद्यांतून आणि मानेतून दाखवलाय.

एका उन्हाळ्याने काय होणार?

हा आक्षेप जास्त अवघड आहे. याबद्दल आपल्याला जे ठाम माहीत आहे त्यातला मोठा भाग रुमानियातून आलाय. तिथल्या अनाथालयांत हुकूमशाहीच्या काळापासून मुलं कोंबलेली होती, खायला मिळायचं पण जवळ घेणारं कुणी नाही. 2000 साली बुखारेस्टमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा 136 मुलांचा अभ्यास सुरू केला, त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं, म्हणजे दत्तक नाही पण सांभाळायला दिलेलं घर, ज्याला 'फॉस्टर केअर' म्हणतात. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीच्या वाढीत, माणसांशी जवळीक करण्यात पुढे गेली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचा फायदा बऱ्याच बाबतींत जास्त झाला.

म्हणजे एक, घर मिळाल्याने खरंच फरक पडतो. आणि दोन, जितकं लवकर तितकं चांगलं. कॉइच नऊ वर्षांची आहे. पण ती अनाथालयातली नाही, तिला भावंडं आहेत, आई आहे, त्यामुळे तो आकडा उचलून तिला लावता येत नाही. एका उन्हाळ्यात मुलगी 'बरी' झाली असं पिक्चरही म्हणत नाही. तिला फक्त भरलेला डबा कसा असतो ते कळलं. आता परत गेल्यावर रिकामा डबा तिला जास्त टोचेल हेही खरं, आणि मला पिक्चरमधलं सगळ्यात क्रूर काही वाटत असेल तर ते हे.

आयरिश म्हणजे इंग्लिशच ना, जरा वेगळ्या हेलातली?

नाही. आयरिश, म्हणजे गेलगे, ही पूर्ण वेगळी भाषा आहे, इंग्लिश माणसाला त्यातलं एक वाक्य कळणार नाही. गंमत म्हणजे लांबून ती आपल्या मराठीची चुलत नातलग लागते, दोघी इंडो-युरोपियन कुळातल्या. तिथे आईला 'मॉहर' म्हणतात, आपल्या मातृची बहीण. दोनला 'दो', तीनला 'त्री'.

आणखी एक साम्य मला फार आवडलं. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांसाठी सुटे शब्दच नाहीत, विचारलेलं क्रियापद परत म्हणून उत्तर द्यायचं. आपणही "जेवलीस का?" ला "जेवले" म्हणतोच की. म्हणजे गप्प मुलीलासुद्धा उत्तर देताना समोरच्याचा शब्द उचलून आपल्या तोंडात घ्यावा लागतो. आणि भावना तिथे 'माझ्यावर' असतात, 'मी दुःखी आहे' नाही तर 'माझ्यावर दुःख आहे', 'माझ्यावर लाज आहे'. आपलं 'मला लाज वाटते' त्याच वळणाचं. अंगावर आलेलं दुसऱ्याने उचलून बाजूला ठेवता येतं, जसं आयलीनने गादीच्या वेळी केलं. आयरिशमध्ये 'रून' म्हणजे गुपित, आणि लाडाने 'माझ्या राजा' म्हणतात तेव्हाही हाच 'रून' वापरतात. या घरात गुपितं नसतात असं सांगणाऱ्या आयलीनच्या पोटातच केवढं गुपित आहे, ते आठवलं की हा शब्द आणखी आत जातो.

मग ही भाषा गेली कुठे? 1831 पासून सुरू झालेल्या सरकारी शाळा इंग्लिशमधून. मुलांच्या गळ्यात काठी अडकवायचे, घरीदारी आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि खाचा मोजून शाळेत मार. 1845 नंतर बटाट्याच्या पिकावर रोग येऊन जो दुष्काळ पडला त्यात साधारण दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या भागाला. उरलेल्या आईबापांनी पोटासाठी मुलांशी इंग्लिश बोलायला सुरुवात केली. आज घटनेनुसार आयरिश ही पहिली राजभाषा आहे, शाळेत सगळे शिकतात. 2022 च्या जनगणनेत जवळपास 18 लाख 74 हजार लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे फक्त 71,968.

मग बाप इंग्लिश का बोलतो?

बघताना हे पटकन लक्षात येत नाही कारण आपण सबटायटल वाचत असतो. कॉइचचा बाप इंग्लिश बोलतो आणि बाकी घर आयरिश. म्हणजे बाप आणि मुलगी एकाच घरात, एकाच गाडीत बसून वेगवेगळ्या भाषांत आहेत. तो बोलतो ते तिला कळतं, पण तो तिच्या भाषेत येत नाही. गाडीतलं ते अंतर दाखवायला दुसरं काही करावंच लागलं नाही.

यावरून पुष्कळ जणांनी लिहिलं की मुलगी म्हणजे आयरिश भाषा, बाप म्हणजे इंग्रजी सत्ता, हेळसांड झालेल्या भाषेला माया मिळाली वगैरे. मला हे नाही पटत. एकतर आई आयरिशच बोलते आणि तरी मुलीकडे बघत नाही. मुलाच्या मृत्यूचं असं सांगून टाकणारी ती बाई, तीही काही परकी नाही. आणि मुख्य म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीचं आधीच कुणी ऐकलेलं नाही, त्यात आपण तिच्या डोक्यावर अख्ख्या देशाच्या भाषेचं गाठोडं द्यायचं, हे तिच्यावर परत अन्यायच झाला. बॅरेड स्वतः डब्लिनमध्ये दोन्ही भाषांत वाढले. अशा माणसाला स्वयंपाकघरातली माया आयरिशमध्ये ऐकू येत असेल, एवढं कारण मला पुरतं.

पडदा चौकोनी का दिसतो?

टीव्ही बिघडलेला नाही. पिक्चर जुन्या मापात काढलाय, 1.37 रुंदीला 1 उंची, आपल्या जुन्या दूरदर्शनच्या डब्यासारखं. छायाचित्रण केट मॅककुला यांचं आहे. रुंद पडद्यावर कडेला काय चाललंय ते दिसतं, इथे दिसत नाही. मोठी माणसं काय कुजबुजतात, दाराआड काय ठरतंय ते मुलीला माहीत नसतं तसं आपल्यालाही नसतं. एवढंच.

आयर्लंड तर इंग्लिश बोलणारा देश, मग परभाषेचं नामांकन कसं?

ऑस्करच्या या विभागाचं नाव पूर्वी 'परभाषा चित्रपट' होतं, आता 'आंतरराष्ट्रीय', पण अट तीच की निम्म्याहून जास्त संवाद इंग्लिशमध्ये नकोत. देशाची राजभाषा कुठली ते बघत नाहीत, पिक्चरची भाषा बघतात. 2019 ला नायजेरियाचा पिक्चर याच अटीवर बाद झाला होता, तिकडची राजभाषा इंग्लिश असून. आयरिश भाषेतल्या पिक्चरला या विभागात नामांकन मिळायची ही पहिली वेळ. आपल्याकडून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे तीन मराठी पिक्चर देशातर्फे गेले होते, नामांकनापर्यंत पोचले नाहीत, त्यामुळे हे किती अवघड असतं ते आपल्याला कळू शकतं.

आणि हे आभाळातून पडलेलं नाही. 1996 ला आयरिश भाषेचं सरकारी टीव्ही चॅनल सुरू झालं. 2017 ला त्या चॅनलने, फिल्म मंडळाने आणि प्रसारण प्राधिकरणाने मिळून आयरिश भाषेतल्या पिक्चरना पैसे द्यायची 'सिनेफोर' नावाची योजना काढली. हा पिक्चर त्याच पैशातून उभा राहिला, आणि आयर्लंड-ब्रिटनच्या थिएटरांत दहा लाख युरोच्या वर धंदा करणारा आयरिश भाषेतला पहिला पिक्चर झाला. भाषेवर प्रेम आहे म्हणणारे पुष्कळ असतात, इथे कुणीतरी दरवर्षी चेक लिहिला.

तिला ठेवून का घेत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आईनेही विचारला. एवढं प्रेम आहे, मूल नाही, मग ठेवून घ्या की.

जुन्या आयर्लंडमध्ये मुलं दुसऱ्या घरी वाढवायची पक्की रीत होती. त्याला 'अल्त्रम' म्हणायचे, त्यावर लिखित कायदे होते, कुठल्या दर्जाच्या मुलासाठी सांभाळणाऱ्याला किती द्यायचं, काय खायला घालायचं, काय शिकवायचं, सगळं ठरलेलं. सांभाळणाऱ्या आईबापांना हाक मारायचे वेगळे, जिव्हाळ्याचे शब्द होते. सांभाळलेल्या मुलाला म्हणायचे 'दाल्ता', आणि आजच्या आयरिशमध्ये 'दाल्ता' म्हणजे शाळेतला विद्यार्थी. सांभाळणाऱ्या बापासाठीचा जुना शब्द आज शिक्षकाला लावतात.

पण 1981 ला यातलं काही उरलं नव्हतं. आयलीन आणि शॉनकडे कागदाचा एक चिटोरा नाही. मुलांबाबत तेव्हा लागू असलेला मुख्य कायदा ब्रिटिशांनी 1908 ला केलेला, नवीन आला 1991 ला, मुलांचे हक्क घटनेत लिहायचं सार्वमत झालं 2012 ला आणि मुलांसाठीची स्वतंत्र सरकारी यंत्रणा, तुस्ला, 2014 पासून. तेव्हा आईबाप जिवंत, घर आहे, मारहाण नाही, अशा मुलीसाठी कोण कुठे तक्रार करणार होतं, आणि काय म्हणून? शॉनने हट्ट धरला असता तर तो मूल पळवणारा ठरला असता. (आपल्याकडे आज असं मूल दिसलं तर 1098 हा फोन आहे, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यात हेळसांडीचं नाव घेऊन शिक्षा लिहिलेली आहे.)

म्हणून ते तिला सोडायला जातात. घर तसंच आहे, नवीन बाळ आलंय, आई थकलेली, बाप दोन टोमणे मारतो. मुलीला सर्दी झालीय, विहिरीत पडली होती ती, पण ती आईला ते सांगत नाही. इथे तिचं गप्प राहणं पहिल्यांदाच तिचं स्वतःचं असतं, ती त्या दोघांना वाचवत असते. मग त्यांची गाडी फाटकाकडे निघते, आणि ती धावते. टपालपेटीपर्यंत धावायची तशी. शॉन फाटक लावायला उतरलेला असतो, ती जाऊन त्याच्या गळ्यात पडते, आणि त्याच्या खांद्यावरून तिला दिसतं की मागून तिचा बाप चालत येतोय.

ती 'डॅडी' म्हणते. मग परत एकदा 'डॅडी' म्हणते. पहिला शब्द बाप येतोय हे शॉनला सांगायला, आणि दुसरा कुणाला ते मी नको सांगायला. पुढे काय होतं ते दाखवत नाहीत, पडदा काळा होतो. इतर लोक इथे चिडतात. आई बराच वेळ तशीच बसून होती, मग डोळे पुसत म्हणाली, "बोलली गं ती."